बीएमआय ३६.५ : उपचार नाकारण्याचं एक प्रकरण

आढावा समितीपुढे आलेला कागद एवढाच होता : वय ३७ वर्षं १० महिने, उंची १५८ सेंमी, वजन ९१ किलो, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, ३६.५. बाईला आयव्हीएफ, म्हणजे बीज शरीराबाहेर फलित करून भ्रूण गर्भपिशवीत ठेवण्याचा उपचार, हवा होता. खाली शेरा, "बीएमआय ३२ च्या वर. आयव्हीएफसाठी अपात्र. वजन कमी करून सहा महिन्यांनी यावे." सही नोंदणी विभागातल्या समन्वयकाची. डॉक्टरांपर्यंत कागद गेलाच नव्हता.

हे प्रकरण अभ्यासासाठी रचलेलं आहे. बाई, तिचा नवरा, केंद्र आणि समिती कल्पित. मार्गदर्शक सूचना, संशोधनाचे आकडे आणि त्यामागचा वैद्यकीय विचार मात्र खरा. केंद्र कुठलं हे मुद्दाम सांगितलेलं नाही. वजनाची मर्यादा लावणारी केंद्रं अनेक देशांत आहेत आणि तिथले वादही बहुतेक याच वळणाचे असतात.

आधीची हकिगत

बाई पहिल्यांदा आली तेव्हा ३६ वर्षं ८ महिन्यांची होती. त्याच्या दोन वर्षं आधी गर्भ उजव्या ट्यूबमध्ये, म्हणजे गर्भनलिकेत, राहिला, ट्यूब फुटली आणि रातोरात शस्त्रक्रिया करून ती काढावी लागली. डावी ट्यूब जागेवर होती, पण तपासणीत तिच्यात पाणी साठलेलं दिसलं. डॉक्टर तिला हायड्रोसाल्पिंक्स म्हणतात. पाळी दर २८-३० दिवसांनी, नेमाने. रक्ताच्या तपासणीतून दर महिन्याला स्त्रीबीज सुटत असल्याचं स्पष्ट होतं. नवऱ्याचा वीर्य-अहवाल चांगला.

म्हणजे निदानाबद्दल शंकाच नव्हती. एक ट्यूब नाही, दुसरी निकामी. आयव्हीएफ मुळात निघालं ते अशाच बायकांसाठी : १९७८ साली जगातलं पहिलं आयव्हीएफ बाळ जन्मलं, त्याच्या आईचा प्रश्न बंद ट्यूबचाच होता. इथे दुसरा मार्ग नव्हता, आणि वजन कितीही उतरलं तरी गेलेली ट्यूब परत येणार नव्हती.

पहिल्या भेटीत वजन ९३ किलो भरलं. काटा बाहेरच्या मार्गिकेत, बाकांच्या रांगेसमोर. सिस्टरने आकडा मोठ्याने वाचला, टेबलामागच्या मुलीने तो लिहून घेतला आणि तिथेच सांगितलं, "ताई, बत्तीसच्या आत आल्याशिवाय डॉक्टर फाइल उघडत नाहीत." नवरा शेजारी उभा होता. त्याचा स्वतःचा बीएमआय ३३ असल्याचं पुढे समितीच्या कामात समोर आलं. त्या दिवशी त्याला कुणी काट्यावर चढायला सांगितलं नाही. पुरुषाच्या वजनाचा शुक्रजंतूंवर परिणाम होतो हे माहीत असूनही मर्यादा बहुतेक ठिकाणी बायकोलाच लागते. ती का, हे मला कुणी नीट समजावून सांगू शकलेलं नाही.

पुढचे पाच महिने तिने जेवण निम्म्यावर आणलं. वजन ८६ वर आलं, बीएमआय ३४.४. ती परत आली आणि परत पाठवली गेली, कारण १५८ सेंमी उंचीला ३२ म्हणजे साधारण ८० किलो. त्यानंतर जे घडलं ते वजन उतरवलेल्या कुणालाही ओळखीचं वाटेल : नऊ महिन्यांत पाच किलो परत. तिसऱ्या भेटीपर्यंत १४ महिने गेले होते आणि बीजांडकोशात किती साठा उरलाय त्याचा अंदाज देणारं एएमएच १.६ वरून ०.९ वर आलं होतं. एएमएचचे आकडे प्रयोगशाळेगणिक थोडे इकडेतिकडे होतात, त्यातून बीजाचा दर्जाही कळत नाही. पण या वयात उतरण असतेच, आणि सोनोग्राफीत दोन्ही बाजू मिळून आठच फॉलिकल, म्हणजे बीज वाढणाऱ्या पिशव्या, दिसत होती.

तिसऱ्या नकारानंतर नवऱ्याने पत्र लिहिलं. त्यातलं एक वाक्य समितीच्या इतिवृत्तात जसंच्या तसं आहे : "तुम्ही तिला थांबायला सांगताय, पण थांबल्याने तिचं काय काय जाणार आहे, हे तुमच्यापैकी एकानेही आम्हाला सांगितलेलं नाही."

बत्तीस आला कुठून?

समितीने पहिला प्रश्न हाच विचारला. उत्तर असं की काही वर्षांपूर्वी नियमावली तयार करताना दुसऱ्या एका व्यवस्थेचा आकडा उचलला होता. न्यूझीलंडमध्ये सरकारी खर्चाने आयव्हीएफ मिळण्यासाठी बाईचा बीएमआय ३२ किंवा त्याखाली असावा लागतो. इंग्लंडमध्ये 'नाइस' या संस्थेच्या २०१३ च्या सूचना म्हणतात की उपचार सुरू करताना तो शक्यतो १९ ते ३० च्या दरम्यान असावा, त्याबाहेर यशाची शक्यता कमी होते. 'शक्यतो' हा शब्द खर्च मंजूर करणाऱ्या स्थानिक मंडळांपर्यंत पोचेतो बऱ्याच ठिकाणी गळून पडला आणि ३० हीच भिंत झाली. ब्रिटिश फर्टिलिटी सोसायटीचा २००७ चा सल्ला याहून शहाणा होता : ३५ च्या आत येईपर्यंत थांबा, पण जिच्याकडे वेळ आहे, म्हणजे वय ३७ च्या आत आणि बीजांडकोशाचा साठा चांगला, तिने ३० च्या आत यावं. वय आणि वजन त्यात एकाच वाक्यात होते. आपल्या प्रकरणातल्या केंद्राने आकडा तेवढा घेतला आणि वयाचा भाग सोडून दिला. अमेरिकेतल्या एएसआरएम या वंध्यत्वतज्ज्ञांच्या संघटनेचं २०२१ चं मत तर असं की केवळ लठ्ठपणा हे उपचार नाकारण्याचं एकमेव कारण असू नये.

बीएमआयबद्दल दोन शब्द. वजन भागिले उंचीचा वर्ग हे गणित बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केतले याने १८३० च्या दशकात मांडलं, समाजातल्या 'सरासरी माणसा'चा शोध घेताना. सध्याचं नाव अँसेल कीज आणि सहकाऱ्यांनी १९७२ साली दिलं, आणि त्यांनी मोजलेली माणसं सगळी पुरुष होती. चरबी कुठे साठलीय, स्नायू किती, साखर कशी, यातलं काही हा आकडा सांगत नाही. उलट बाजूही सांगायला हवी : २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने आशियाई लोकसंख्यांसाठी २३ आणि २७.५ हे सावधगिरीचे टप्पे सुचवले, कारण मधुमेहाचा धोका तिथे कमी बीएमआयलाच सुरू होतो. तेव्हा 'बीएमआय खोटा, विसरा' असं म्हणणाऱ्यांच्या बाजूनेही मी नाही. हजारो माणसांची पाहणी करताना तो बरा चालतो. एका बाईच्या बाबतीत त्याच्यावरून तपासणी सुरू व्हावी. इथे तपासणी त्याच्यापाशीच संपली.

एका आकड्यात तीन प्रश्न

समितीतल्या समुपदेशक बाईंनी चर्चेला चांगलं वळण दिलं. त्या म्हणाल्या, "आपण हिला नेमकं कशासाठी नाही म्हणतोय ते आधी ठरवू. उपचार लागू पडणार नाही म्हणून? तिला धोका आहे म्हणून? की रांगेत हिच्याऐवजी दुसरी कुणी बसावी म्हणून?" तिन्हींची उत्तरं वेगळी, उत्तर देणारी माणसं वेगळी, आणि नियमावलीत मात्र तिन्हींच्या जागी ३२.

आधी यशाचा प्रश्न. लठ्ठपणात आयव्हीएफचं यश कमी होतं, यात वाद नाही. मोठ्या एकत्रित विश्लेषणांत ही घट सापेक्ष हिशेबाने साधारण १५ टक्के दिसते. म्हणजे शंभरातल्या तीस जणींना मूल होणार असेल तर लठ्ठ गटात ते पंचवीस-सव्वीस जणींना. औषधांचा डोस जास्त लागतो, गर्भपाताचं प्रमाणही काहीसं वाढतं. आता वय बघा. अमेरिकेतल्या केंद्रांच्या एकत्रित अहवालांत स्वतःच्या बीजांवर ३५ च्या आतल्या बायकांना एका पिकअपमागे, म्हणजे एकदा बीजं काढल्यामागे, मूल होण्याचं प्रमाण ढोबळमानाने निम्म्याजवळ असतं, ३८ ते ४० वयात ते पाव भागाच्या आसपास उतरतं आणि पुढे घसरण आणखी तीव्र. म्हणजे वजनाने जे जातं त्याच्या कितीतरी पट वय नेतं, आणि वजन निदान उतरू शकतं.

पण वजन उतरवल्यावर तरी यश वाढतं का? गंमत अशी की बराच काळ हे गृहीतच धरलं होतं. लठ्ठ बायकांना कमी यश, म्हणून बारीक झाल्या की जास्त यश. हे प्रत्यक्ष तपासणाऱ्या चाचण्या नंतर आल्या. नेदरलँड्समध्ये ५७७ बायका, बीएमआय २९ किंवा जास्त. निम्म्या जणींना आधी सहा महिने आहार-व्यायामाचा कार्यक्रम, उरलेल्यांना लगेच उपचार. २०१६ साली निकाल आला : पूर्ण दिवसांचं, निरोगी, एकच बाळ नैसर्गिक प्रसूतीने होण्याचं प्रमाण दोन वर्षांत आधी वजन उतरवणाऱ्या गटात २७.१ टक्के आणि लगेच उपचार घेणाऱ्यांत ३५.२ टक्के. थांबलेल्या मागे पडल्या. सरासरी वजन उतरलं होतं चार-साडेचार किलो. यावर कुणी म्हणेल की एवढ्याशा उतरण्याने काय होणार. स्वीडन, डेन्मार्क आणि आइसलंडमधल्या केंद्रांनी तेही करून पाहिलं. बीएमआय ३० ते ३५ च्या ३१७ बायका, निम्म्या जणींना अत्यंत कमी उष्मांकाचा आहार, सरासरी साडेनऊ किलो घट, मग आयव्हीएफ. २०१७ चा निकाल : बाळ होण्याचं प्रमाण आधी वजन उतरवणाऱ्यांत २९.६ आणि लगेच आयव्हीएफ घेणाऱ्यांत २७.५ टक्के, म्हणजे सांख्यिकीच्या दृष्टीने सारखेच. अमेरिकेतल्या २०२२ च्या तिसऱ्या चाचणीत, निदान न सापडलेल्या वंध्यत्वाच्या ३७९ लठ्ठ बायकांत, १६ आठवड्यांच्या कडक कार्यक्रमाने वजन उतरलं, पण निरोगी बाळांचं प्रमाण वाढलं नाही.

इथेच एक बारकावा आहे आणि या प्रकरणाची गाठ त्याच्यात आहे. डच चाचणीत वजन उतरवलेल्या गटाला एक फायदा जरूर झाला : उपचाराविना, आपसूक गर्भ राहण्याचं प्रमाण वाढलं, २६.१ टक्के विरुद्ध १६.२. हे कुणाच्या बाबतीत शक्य आहे? जिच्या ट्यूब मोकळ्या आहेत आणि ज्या बाईत बीज सुटत नसल्यामुळे अडलंय. पीसीओएस, म्हणजे बीज नेमाने न सुटण्याचा विकार, असलेल्या तरुण मुलीचं वजन पाच-दहा टक्के उतरलं तर पाळी नियमित येऊन आयव्हीएफची गरजच न पडण्याची शक्यता असते. तिला 'चार महिने थांब' म्हणणं हा औषधोपचारच झाला. आपल्या बाईत बीज दर महिन्याला सुटत होतं. अडथळा नळीचा होता. तिला तोच सल्ला देणं म्हणजे आधीच कमी असलेल्या साठ्यातले महिने घालवणं, बदल्यात काहीच हाती न लागता. नोंदणी टेबलावर दोघींचा आकडा सारखाच दिसतो, कारण तिथे निदानाचा रकानाच नव्हता.

भूलतज्ज्ञांचं म्हणणं

दुसरा प्रश्न धोक्याचा, आणि तिथे मर्यादेची बाजू भक्कम होती. बीजं काढताना, म्हणजे पिकअपच्या वेळी, बाईला थोडी भूल दिली जाते. केंद्र स्वतंत्र इमारतीत. अतिदक्षता विभाग नाही, भूलतज्ज्ञ फोनवर बोलावल्यावर येणारे. लठ्ठ माणसात भूल दिल्यावर श्वासमार्ग चटकन मिटतो, रक्तातला प्राणवायू लवकर उतरतो, मास्क नीट बसत नाही. "माझ्या हातात एक मिनिट कमी असतं," असं भूलतज्ज्ञ म्हणाले. "आणि ते एक मिनिट इथे, या इमारतीत, फार मोठं आहे."

हे कारण खरं आहे. पण त्यातून ३२ निघत नाही. भूलतज्ज्ञांना विचारलं, तुम्ही स्वतः कशावरून ठरवता? त्यांनी बाईला बोलावून तपासलं, पंधरा-वीस मिनिटांत. तोंड उघडून घशाची मागची बाजू किती दिसते ते पाहिलं. मानेचा घेर ३८ सेंमी. मान मागे किती जाते, जबडा पुढे सरकतो का. झोपेतल्या श्वासरोधासाठीचे स्टॉप-बँगचे आठ प्रश्न विचारले. "घोरता का?" यावर नवरा मध्येच बोलला, "ती नाही हो, मी." जिना चढताना धाप नाही, दमा नाही. रक्तदाब १३४/८६, गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारं एचबीए१सी ६.१, म्हणजे मधुमेह नाही, पण उंबऱ्यावर. शेरा त्यांनी असा दिला : श्वासमार्ग सोपा, श्वासरोधाचा धोका कमी, स्वतंत्र केंद्रात नको, रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहात पिकअप करायला हरकत नाही.

चौदा महिन्यांत ही तपासणी कधीच झाली नव्हती. उलट ३१ बीएमआयची, झोपेत श्वास अडकणारी एखादी बाई मात्र याच केंद्रात बिनदिक्कत भुलीखाली गेली असती.

प्रसूतितज्ज्ञांचा विरोध

समितीतल्या प्रसूतितज्ज्ञ डॉक्टर शेवटपर्यंत पूर्ण राजी झाल्या नाहीत, आणि त्यांचं म्हणणं बाजूला सारण्यासारखं नव्हतं. "तुम्ही सगळे भ्रूण तयार होईपर्यंतचं बोलताय. पुढचे नऊ महिने माझ्याकडे आहेत." ३६ बीएमआयला गर्भावस्थेतला मधुमेह, प्री-एक्लॅम्पसिया (गरोदरपणात रक्तदाब धोकादायक वाढणं), सिझेरियन, जखम चिघळणं, रक्तात गुठळी होणं, बाळात मज्जारज्जूचे दोष, मृत बाळ जन्मणं, सगळ्यांचा धोका वाढतो. वर ज्या चाचण्यांचे आकडे दिले त्या अशा दुर्मीळ गुंतागुंती मोजण्याइतक्या मोठ्या नव्हत्या, हेही त्यांनीच दाखवून दिलं. तिसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती जास्त बोचरी : नैसर्गिकरीत्या गरोदर राहिलेल्या बाईच्या धोक्याला मी जबाबदार नसते, पण जिला आपण हाताने गर्भ ठेवून देतो तिच्या धोक्यात आपला वाटा असतो.

यातलं सगळं मान्य करूनही एक गोष्ट उरते. हा धोका चढणीसारखा हळूहळू वाढतो. ३२ वर पायरी नाही. आणि याच बाईच्या वयाचा, रक्तदाबाचा, साखरेचा धोकाही त्याच यादीत येतो, त्यांना मात्र कुणी मर्यादा लावलेली नाही. ४३ व्या वर्षी दात्याच्या बीजावर गर्भ ठेवायला केंद्र तयार होतं. त्या बाईचं प्री-एक्लॅम्पसियाचं गणित याहून बरं असतं असं म्हणता येणार नाही.

तिसऱ्या, रांगेच्या प्रश्नावर मी फार वेळ घालवत नाही. सरकारी पैसा मर्यादित असेल तर कुणाला आधी हा प्रश्न खरा आहे, आणि त्याचं उत्तर यशाच्या शक्यतेवर द्यायचं असेल तर वय, साठा, धूम्रपान आणि वजन सगळं एकत्र तोलायला हवं. पण हे केंद्र स्वतःच्या खर्चाने येणाऱ्यांचं. इथे रांग नव्हती. मग मर्यादा कुणाच्या फायद्याची? एका सदस्याने हळूच म्हटलं की दर्शनी भागात लावलेल्या यशाच्या टक्केवारीचा याच्याशी संबंध आहे का. इतिवृत्तात हा प्रश्न आहे, उत्तर नाही.

मधला मार्ग

तोडगा सुचवला भ्रूणशास्त्रज्ञाने, आणि तो ऐकल्यावर सगळ्यांना वाटलं की हे आधीच सुचायला हवं होतं. वयाने घाई कशाची आहे? बीजांची. वजनाने, साखरेने, रक्तदाबाने धोका कधी आहे? गरोदरपणात. मग दोन्ही एकाच महिन्यात का उरकायचं? बीजं आत्ता काढा, भ्रूण तयार करून गोठवा. गोठवलेल्या भ्रूणाचं वय वाढत नाही. ट्रान्सफर, म्हणजे भ्रूण गर्भपिशवीत ठेवणं, नंतर, शरीर तयार झाल्यावर.

तसंही डाव्या ट्यूबमधलं पाणी गर्भपिशवीत उतरून भ्रूण रुजू देत नाही. ती काढल्याशिवाय किंवा बंद केल्याशिवाय ट्रान्सफर करू नये असंच मानलं जातं. म्हणजे पिकअप आणि ट्रान्सफर यांच्यात दुर्बिणीची एक शस्त्रक्रिया येणारच होती. ट्यूब काढताना बीजांडकोशाचा रक्तपुरवठा थोडा दुखावू शकतो, म्हणून साठा कमी असलेल्या बाईत बीजं आधी आणि शस्त्रक्रिया नंतर, हा क्रमही बसत होता.

अटी ठरल्या त्या वजनाच्या नव्हत्या. ट्रान्सफरआधी एचबीए१सी ५.७ च्या खाली, रक्तदाब १३०/८० च्या आसपास, तीन महिने आधीपासून रोज ५ मिलिग्रॅम फोलिक अॅसिड, भूलतज्ज्ञांची पुन्हा तपासणी. वजन जितकं उतरेल तितकं चांगलं, पण तो आकडा दरवाजा नाही. आहारतज्ज्ञांच्या भेटी केंद्राने ठरवून द्यायच्या. आजवर 'कमी करा' एवढंच सांगून पाठवत होते. वजन उतरवणाऱ्या सेमाग्लुटाइडसारख्या इंजेक्शनचा पर्यायही पुढे ठेवला, दोन पथ्यांसह : गर्भधारणेच्या किमान दोन महिने आधी ते बंद, आणि जठर रिकामं व्हायला त्याने वेळ लागतो म्हणून भुलीआधी भूलतज्ज्ञांना सांगायलाच हवं. त्यामुळे पिकअप आणि शस्त्रक्रिया होईपर्यंत ते सुरूच करायचं नाही असं ठरलं.

नवऱ्यालाही काट्यावर उभं केलं. तो हसला, मग आकडा पाहून गप्प झाला.

पिकअप

बीजं वाढवण्याची इंजेक्शनं अकरा दिवस चालली. रुग्णालयात सकाळी पहिल्या नंबरला तिला घेतलं. उजवा बीजांडकोश सरळ हाती आला. डावा गर्भपिशवीच्या मागे, वर सरकलेला. सोनोग्राफीच्या पडद्यावर काळी वर्तुळं दिसत होती पण सुईच्या रेषेत येत नव्हती. सहायक डॉक्टरांनी तळहात ओटीपोटावर ठेवून अंगाचा भार दिला तेव्हा तो बोटभर खाली आला. पोटावर चरबीचा थर जाड असला की हे जास्त दाबून करावं लागतं, क्वचित साधतच नाही. शेजारी पाण्याने फुगलेली ट्यूब; तिला सुई लागली तर जंतुसंसर्गाची भीती, म्हणून प्रतिजैविक आधीच दिलेलं. नळीतून गुलाबीसर द्रव परीक्षानळीत उतरायचा, ती गरम ठोकळ्यात ठेवून खिडकीतून पलीकडे जायची आणि पलीकडून आवाज यायचा, "मिळालं." दोनदा पलीकडून काही आलं नाही. वेळ नेहमीपेक्षा दीडपट लागला. भुलीचा काही त्रास झाला नाही.

सात बीजं, पाच पक्व, चार फलित, पाचव्या दिवशी दोन ब्लास्टोसिस्ट, म्हणजे गोठवण्याजोगे वाढलेले भ्रूण. या वयात अशा भ्रूणांपैकी निम्म्याच्या आसपास गुणसूत्रांत सदोष निघतात, म्हणून दोन महिन्यांनी आणखी एक पिकअप केलं. त्यातून एकच मिळालं. तीन भ्रूण गोठवली. मग दुर्बिणीतून ट्यूब काढली. त्यानंतर चार महिने वजन उतरवणारं इंजेक्शन आणि आहार, मग इंजेक्शन बंद करून दोन महिने.

वजन ८२ पर्यंत उतरलं आणि औषध थांबल्यावर ८४.५ वर आलं. बीएमआय ३३.८. एचबीए१सी ५.६, रक्तदाब १२४/८०. सगळ्या अटी पूर्ण झाल्या होत्या आणि जुन्या नियमाने ती त्या दिवशीही अपात्रच होती.

पहिलं ट्रान्सफर गेलं. दुसऱ्यात गर्भ राहिला. बाराव्या आठवड्यापासून कमी मात्रेची अॅस्पिरिन. साखरेची तपासणी लवकर केली आणि गर्भावस्थेतला मधुमेह निघाला, आहार आणि मेटफॉर्मिनवर आटोक्यात राहिला. ३८ व्या आठवड्यात सिझेरियन. टाक्यांची जखम चिघळली, भरायला तीन आठवडे लागले. बाळ चांगलं. प्रसूतितज्ज्ञ पुढच्या बैठकीत म्हणाल्या, "मधुमेह झाला, जखम चिघळली. मी म्हटलं होतं." त्यांचं बरोबर होतं, आणि ते दोन्ही आधीच माहीत असल्यामुळे हाताळता आलं हेही बरोबर. तिन्ही भ्रूण वाया गेली असती तरी निर्णय माझ्या मते योग्यच ठरला असता; तो जेव्हा घेतला तेव्हा हाताशी जी माहिती होती तिच्यावरून तो तोलायचा.

बदललेला नियम

नव्या नियमावलीत ३२ नाही. ३५ च्या वर भूलतज्ज्ञांची प्रत्यक्ष तपासणी, ४० च्या वर पिकअप फक्त रुग्णालयात, नकार द्यायचा तर डॉक्टरनेच आणि लेखी कारणासह : यश, धोका की आणखी काही. थांबायला सांगायचं तर किती महिने, त्या काळात केंद्र काय मदत करणार आणि थांबल्याने वयाच्या हिशेबात किती नुकसान, हे तिन्ही त्याच कागदावर. काटा मार्गिकेतून खोलीत हलवला. दोघांचं वजन घ्यायचं असं ठरलं.

नव्या पद्धतीत पहिला नकार तीन आठवड्यांतच गेला : २९ वर्षांची मुलगी, पीसीओएस, ट्यूब मोकळ्या, बीएमआय ४७, झोपेत श्वास अडकतो आणि त्यावर उपचार नाहीत. साठा भरपूर. तिला आधी श्वासरोधावर उपचार आणि वजनाच्या शस्त्रक्रियेबद्दल सल्ला घ्यायला पाठवलं. शस्त्रक्रिया केली तर गर्भधारणेआधी वर्ष-दीड वर्ष थांबावं लागतं, आणि तिच्याकडे ते आहे. एक मुद्दा मात्र अजून लटकलेला आहे. वय ३५ च्या आत, बीज सुटत नाही, बीएमआय ३० च्या वर अशा सगळ्यांना आधी चार महिन्यांचा आहार-व्यायामाचा कार्यक्रम सक्तीचा करावा, असं प्रसूतितज्ज्ञांचं मत. सुचवावा, सक्ती नको, असं समुपदेशक बाईंचं. दोन बैठका झाल्या, मतं तीन-तीन पडली, आणि विषय पुढच्या बैठकीच्या यादीत पुन्हा लागला आहे.